पहिलं गरोदरपण आणि न थांबणारी काळजी: एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २८, पहिलंच गरोदरपण, एकविसावा आठवडा सुरू. घर नागपूरला मनीषनगरात, सासू-सासऱ्यांसोबत. नवरा नोकरीसाठी पुण्यात, महिन्यातून दोनदा येतो. तिसऱ्या महिन्यात डबल मार्करमध्ये (बाळातल्या गुणसूत्रदोषाची शक्यता सांगणारी रक्ततपासणी) १:२२० आलं, म्हणून एनआयपीटी ही पुढची, जास्त अचूक रक्ततपासणी केली. ती 'लो रिस्क' आली. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफीही व्यवस्थित आहे. तरी मन मानत नाही. रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं, मग सकाळपर्यंत मोबाईलवर शोधत बसणं होतं. सासूबाई म्हणतात, "असे विचार नको करू, बाळावर परिणाम होतो." आता विचारांचीच भीती वाटायला लागली आहे. बाळाला खरंच अपाय होतो का, हा मानसिक आजार आहे का, आणि गोळ्या घ्याव्या लागतील का, असं विचारलंय.

ताई, बाळाचा प्रश्न आधी घेऊ, कारण झोप त्यानंच उडवली आहे. मनात नको ते विचार आले, रडू आलं, एखाद्या दिवशी घरात वादावादी झाली, यानं बाळाला इजा होत नाही. गर्भपाताचीही अशीच भीती अनेकींना असते. बहुतेक गर्भपात पहिल्या १२ आठवड्यांत होतात आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. आईच्या विचारांशी त्यांचा संबंध नाही. अभ्यासांत जे दिसतं ते असं: तीव्र चिंता किंवा नैराश्य महिनोन्महिने उपचारांशिवाय राहिलं, तर वेळेआधी प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ यांचं प्रमाण काहीसं वाढतं, आणि बाळंतपणानंतर नैराश्य येण्याची शक्यता बरीच वाढते. अन्न न जाणं, झोप न होणं, भीतीपोटी तपासण्या टाळणं यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून चिंता लांबली की उपचार घ्यायचे. स्वतःला दोष देण्यासारखं यात काही नाही.

गरोदर बाईनं चोवीस तास प्रसन्न राहिलंच पाहिजे, हा आग्रह मला घातक वाटतो. गर्भसंस्काराची गाणी आवडत असतील तर जरूर ऐका. पण वाईट विचार आला म्हणून घाबरून गाणं लावायचं, आणि तरी तो गेला नाही म्हणून आणखी घाबरायचं, असं होत असेल तर त्या नियमातून स्वतःला मोकळं करा. विचार दाबला की तो दुप्पट जोरानं वर येतो, हे कोणाच्याही मनाचं असतं.

आता धडधडीकडे वळू. गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. हृदयाचे ठोके मिनिटाला १० ते २० नं वाढतात, म्हणजे बसल्या जागी नाडी नव्वदीत असणं वावगं नाही. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे श्वास थोडा खोल घेतला जातो, म्हणून दम लागल्यासारखं वाटतं. घाबरल्यावर शरीरात जे होतं, नेमकं तेच इथं न घाबरताही होत असतं, आणि मन त्याचा अर्थ 'काहीतरी बिघडलं' असा लावतं. त्यातून भीती, भीतीनं आणखी धडधड.

तरीही सगळं मनावर ढकलायचं नाही. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि त्यातही धडधड, दम, थकवा, चिडचिड हेच होतं. थायरॉईडचं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त असेल तर हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. म्हणून हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) यांचे ताजे रिपोर्ट पाहून घ्या, घरात शाकाहार असेल तर बी१२ ही. रात्री झणझणीत सावजी किंवा सकाळी तर्री-पोहे झाले की छातीत जळजळतं आणि ते 'जीव घाबरण्या'सारखंच भासतं. गर्भाशय वर चढत जातं तसं हे वाढतं. जेवण आणि झोप यांत दोन-अडीच तास सोडा आणि उशी उंच घ्या. उन्हाळ्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा पाणी कमी पडूनही नाडी वाढते आणि चक्कर येते. आडवं पडल्यावर गुदमरणं, छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, एकाच पायाला सूज आणि दुखणं, यांपैकी काही असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

हा आजार आहे का, हे ठरवायला चांगली साधनं आहेत. नैराश्य आणि चिंता हेरणारी एडिंबरो प्रश्नावली १९८७ पासून जगभर वापरात आहे. मुळात ती बाळंतिणींसाठी केली होती, गरोदरपणातही चालते. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. बेरीज १३ किंवा जास्त आली तर तपासणी लांबवू नका, १० ते १२ आली तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भरा. त्यातले तिसरा, चौथा आणि पाचवा हे प्रश्न खास चिंतेचे आहेत: उगाच स्वतःला दोष देणं, कारण नसताना काळजी, कारण नसताना एकदम घाबरणं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज बघत बसायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. दुसरी जीएडी-७, खास चिंतेची प्रश्नावली: सात प्रश्न, मागचे दोन आठवडे, एकूण २१, आणि १० किंवा जास्त आलं तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट. या आकड्यांवरून निदान होत नाही, पण "मला टेन्शन येतं" असं सांगण्यापेक्षा भरलेला कागद डॉक्टरांपुढे ठेवला तर पाच मिनिटांच्या ओपीडीतही बोलणं मुद्द्यावर येतं.

कागदाशिवायही एक खूण आहे. रात्री लघवीला उठल्यावर लगेच पुन्हा झोप लागते का? लागत असेल तर बरीचशी काळजी नेहमीची. तीनला उठून रोज दोन-तीन तास डोळा लागत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त झालं असेल आणि दिवसाच्या कामावर, जेवणावर परिणाम होत असेल, तर ती उपचाराची बाब आहे. तुमच्या वर्णनावरून तुम्ही या दुसऱ्या बाजूला झुकलेल्या दिसता.

डबल मार्करबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण या एका कागदानं कितीतरी घरांची झोप उडवलेली असते. १:२२० म्हणजे असाच रिपोर्ट आलेल्या २२० जणींमध्ये एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रांचा जन्मजात दोष) असण्याची शक्यता आणि २१९ जणींच्या बाळांना नाही. बऱ्याच लॅबमध्ये १:२५० ही रेषा धरलेली असते. तुमचा आकडा रेषेच्या या बाजूला पडला, म्हणून लाल अक्षरांत 'हाय रिस्क' छापून आलं. ही चाळणी आहे, निदान नव्हे. एनआयपीटीत आईच्या रक्तात फिरणारे, वारेतून आलेले डीएनएचे तुकडे तपासतात आणि डाऊन सिंड्रोम असेल तर ते ९९ टक्क्यांच्या आसपास पकडलं जातं. ती 'लो रिस्क' आल्यावर २२० चा आकडा जुना झाला. डबल मार्करचं काम तिथं संपलं. तो कागद फाईलमध्ये मागे ठेवा.

हे सगळं तुम्हाला ठाऊक असेलच, तरी मन का मानत नाही? कारण चिंतेला शंभर टक्के खात्री हवी असते आणि कोणतीही तपासणी ती देत नाही. तुम्ही शोधता, एखादी चांगली ओळ सापडते, दहा मिनिटं बरं वाटतं. त्या दहा मिनिटांतून मेंदू शिकतो की शोधलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी जोरानं शोधायला लावतो. नवऱ्याला रात्री पुन्हा पुन्हा "सगळं ठीक असेल ना?" विचारणं, सोनोग्राफी लवकर करून घेणं, घरी डॉपलर मागवून ठोके ऐकत बसणं, ही याचीच रूपं. घरगुती डॉपलर तर आणूच नका. आईची नाडी बाळाची समजली जाते, मग खरा धोका असतानाही खोटा दिलासा मिळतो, आणि ठोके सापडले नाहीत तर बाळ सुखरूप असूनही रात्रभर घरात रडारड.

म्हणून करायचं ते असं. एक वही घ्या. काळजीचा विचार आला की तिथंच एका ओळीत लिहायचा आणि पुढे जायचं. संध्याकाळी एक ठरलेली वेळ धरा, समजा सहा ते सव्वासहा, आणि अंथरूण सोडून दुसऱ्या जागी बसून ती ओळ न् ओळ वाचा. प्रत्येक ओळीपुढे दोनच गोष्टींपैकी एक लिहायची: 'करता येईल' किंवा 'आज करता येत नाही'. पहिलीपुढे कृती आणि तारीख. उदाहरणार्थ, "शुगर वाढली तर?" याच्यापुढे: करता येईल, २४ ते २८ आठवड्यांत ग्लुकोज पाजून तपासणी असते, तिची तारीख घ्यायची. "बाळाला नंतर काही निघालं तर?" याच्यापुढे: आज करता येत नाही. ती ओळ तशीच सोडायची, तिच्यावर उत्तर शोधायचं नाही. सोडताना पहिले आठ-दहा दिवस फार अस्वस्थ वाटतं, आणि तिथंच बहुतेकजणी वही बंद करतात. ती अस्वस्थता उतरेपर्यंत थांबणं हाच यातला उपचार आहे. दुसरी चूक म्हणजे हे झोपण्याआधी करणं. मग सगळे विचार उशाशी येऊन बसतात.

मोबाईलवरचा शोध एकदम बंद होत नाही, तो पुढे ढकलायचा. शोधावंसं वाटलं की आधी अर्धा तास थांबायचं, पुढच्या आठवड्यात एक तास. प्रश्न टिकलाच तर डॉक्टरांसाठीच्या यादीत लिहायचा. दर भेटीला तीनच प्रश्न, आणि ते खोलीत शिरताच विचारायचे. उठताना दारात विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर मिळत नाही.

बाळाच्या हालचालींवर तुम्ही आत्ताच लक्ष ठेवून बसला असाल. एकविसाव्या आठवड्यात त्या मोजू नका. पहिल्या खेपेला बाळ फिरलेलं विसाव्या-बाविसाव्या आठवड्यातही पहिल्यांदा कळू शकतं, आणि वार समोरच्या बाजूला असेल तर आणखी उशीर. एखादा दिवस काहीच जाणवलं नाही तरी या काळात ते चालतं. चोवीस आठवडे झाले आणि एकदाही जाणवलं नाही तर मात्र सांगा. मोजणी २८ आठवड्यांनंतर: दिवसातून एकदा, जेवण झाल्यावर, डाव्या कुशीवर, मोबाईल बाजूला ठेवून. दोन तासांत दहा हालचाली झाल्या की वही मिटायची. बहुतेकदा दहा त्याआधीच होतात. दहा झाल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा हालचाल स्पष्टपणे मंदावली, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं फुटेल असं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, ताप, फिट यांसाठीही तसंच. तिथं "मला उगाचच वाटत असेल" असं म्हणत घरी बसू नका. १०८ ची ॲम्ब्युलन्स रात्रीही येते.

रात्री तीनसाठी सोपी पद्धत आहे. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसून कंटाळवाणं काहीतरी करा, कपड्यांच्या घड्या घालणं चालेल. डोळे जड झाले की परत आडवं व्हा. फोन त्या खोलीत नको. उठायची वेळ रोज एकच ठेवा, दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासापुरती आणि तीनच्या आत. पाणी दिवसा भरपूर, रात्री आठनंतर थोडं. चहा-कॉफीतलं कॅफीन दिवसाला मिळून २०० मिलिग्रॅमच्या आत हवं. दुपारी चारनंतरचा चहा झोपेच्या मुळावर येतो.

घाबरल्याचा झटका आला, तर तो साधारण दहा मिनिटांत शिगेला जातो आणि अर्ध्या तासात ओसरतो, हे आधीच माहीत असू द्या. पाठ टेकून बसा. नाकानं चार अंक मोजत श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा, पाच मिनिटं. इथं हमखास चूक होते ती मोठमोठे श्वास ओढण्याची. त्यानं शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती वाढते. श्वास हलकाच ठेवायचा, सोडणं मात्र लांबवायचं, आणि मध्ये रोखून धरायचा नाही. शांत असताना दिवसातून दोनदा सराव केला नसेल तर झटक्याच्या वेळी ते जमत नाही.

डॉक्टरांची हरकत नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं चाला, रोजची वीस-पंचवीस. चिंतेवर आणि झोपेवर दोन्हीकडे त्याचा गुण येतो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, फुटाळा तलावाच्या काठानं किंवा आपल्याच कॉलनीत. दुपारी सगळं शहर दारं लावून कूलरपुढे बसतं तेव्हा घरात एकटं पडायला होतं. ते तास बोलण्यासाठी राखून ठेवा, एखादी मैत्रीण, बहीण, कोणी तरी ठरलेलं.

घरच्यांसाठी दोन शब्द. "टेन्शन घेऊ नको" यानं टेन्शन जात नाही, वर ते लपवावं लागतं. नवऱ्यानं फोनवर दहाव्यांदा "ठीकच असेल" म्हणण्याऐवजी म्हणावं, "हा प्रश्न वहीत लिही, या खेपेच्या तपासणीला मी येतोय, आपण दोघं विचारू." आणि खरंच यावं. महिन्याच्या दोन फेऱ्यांपैकी एक तपासणीच्या तारखेला जुळवता येते. सासूबाईंचं प्रेम खरं आहे, त्यांना काम द्या: "आई, सकाळी माझ्यासोबत चालायला येता का? आणि कोणी बाळंतपणाच्या भीतीच्या गोष्टी काढल्या तर तुम्हीच विषय बदला." शेजारच्या काकूंना तुमच्यापेक्षा त्याच चांगलं थांबवू शकतात. घरात मुलगाच हवा असा दबाव असेल, किंवा मारहाण, उपाशी ठेवणं असेल, तर ती चिंता श्वासाच्या व्यायामानं जाणारी नाही. १८१ वर फोन करा. लिंग सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, सांगणाऱ्याला आणि विचारणाऱ्यालाही.

प्रसूतीच्या कळांची धास्ती पहिल्या खेपेला बहुतेक सगळ्यांना असते. अज्ञातामुळे ती वाढते, म्हणून सातव्या महिन्यानंतर लेबर रूम एकदा दाखवायला सांगा. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरचा टप्पा पहिल्या वेळी साधारण बारा तासांपर्यंत चालू शकतो, हे ठाऊक असलं की चौथ्या तासाला "काहीतरी अडलं" असं वाटत नाही. वेदना कमी करायला तिथं काय मिळतं, रात्री भूलतज्ज्ञ असतात का, सोबत कोण थांबू शकतं, हे विचारून ठेवा. सरकारी रुग्णालयांतही प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्र सरकारनं २०१६ मध्ये मान्यता दिली आहे. ओळखीचं माणूस शेजारी असण्यानं कळा सोसणं सोपं जातं.

आता उपचार. पहिला पर्याय बोलण्याचा: सीबीटी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारी उपचारपद्धत. साधारण सहा ते बारा बैठका, आठवड्याला एक. वर सांगितलेली वही त्याचाच भाग आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात संकोच नको. नागपुरात सरकारीत मेडिकल आणि मेयो ही दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि मिहानचं एम्स इथं मानसोपचार विभाग आहेत. डागा या सरकारी स्त्री रुग्णालयात नाव घातलं असेल तर तिथल्या डॉक्टरांकडून मेयो किंवा मेडिकलसाठी चिठ्ठी घ्या. बाहेर पडणं जमत नसेल तर टेलिमानस, १४४१६: फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सरकारी सेवा, २०२२ पासून सुरू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री तीनलाही.

गोळ्या सगळ्यांना लागत नाहीत. चिंता तीव्र असेल, जेवण-झोप सुटली असेल, आधी असा आजार होऊन गेला असेल किंवा बैठकांनी पुरेसा फरक पडला नसेल, तेव्हा त्यांचा विचार होतो. सर्ट्रालिन या चिंता-नैराश्यावरच्या गोळीचा गरोदरपणातला अनुभव भरपूर आहे, म्हणून बहुधा तिचं नाव आधी येतं. गुण यायला दोन ते चार आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता वाढते आणि त्याच वेळी अनेकजणी गोळी सोडतात. जन्मल्यावर काही बाळं दोन-चार दिवस किरकिरी किंवा थरथरती असतात, म्हणून बाळाच्या डॉक्टरांना गोळीची कल्पना हवी. अंगावर पाजणं बहुधा चालू ठेवता येतं. आधीपासून एखादी गोळी चालू असलेल्या कोणीही गरोदर आहोत कळताच ती स्वतःहून बंद करू नये, पण फोन त्याच दिवशी करावा, विशेषतः व्हॅल्प्रोएट (फिट किंवा मूडच्या आजारावरची गोळी) असेल तर, कारण तिनं बाळात दोष येऊ शकतात. केमिस्टकडून अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी आणू नका. 'आयुर्वेदिक आहे, चालतं' म्हणून अश्वगंधाही सुरू करू नका.

बाळाला इजा होईल असं चित्र नको असताना डोळ्यांपुढे येतं, हे अनेकींच्या बाबतीत होतं आणि त्या ते लाजेनं सांगत नाहीत. ज्या विचारानं तुम्ही स्वतः दचकता, तो तुमचा हेतू नसतो. डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपचार आहेत. जगणंच नकोसं झालं, आवाज ऐकू येऊ लागले, रात्र-रात्र न झोपता भलतंच बोलणं सुरू झालं, तर घरच्यांनी बाईला एकटं न सोडता लगेच मेडिकलच्या आकस्मिक विभागात न्यावं, किंवा ११२ लावावा.

डोहाळजेवण आटोपून तुम्ही बाळंतपणाला माहेरी जाल, तेव्हा डॉक्टर बदलतील. बहुतेकदा उपचार इथंच तुटतो. सोनोग्राफीच्या फाईलसोबत एडिंबरोचे भरलेले कागद, गोळ्यांची चिठ्ठी आणि नागपूरच्या समुपदेशकांचा नंबर न्या, आणि फोनवरच्या बैठका चालू ठेवा. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येतं, ते बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत जातं. त्यानंतरही राहिलं तर थांबू नका. नाहीच राहिलं तरी सव्वा महिन्याच्या तपासणीला टाके आणि बाळाचं वजन बघतानाच ती दहा प्रश्नांची प्रश्नावली पुन्हा एकदा भरा, आणि ती आठवण ठेवायचं काम आईकडे द्या, कारण त्या दिवसांत तुम्हाला जेवल्याचीही शुद्ध नसेल.